देवनागरी सुलेखनासाठी टॅब्लेट: छोटा वॅकॉम की मोठा एक्सपी-पेन?

निबवेडी:
क्रितामध्ये (चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) देवनागरी सुलेखन करायचंय, मुख्यतः शुभेच्छापत्रं आणि मुखपृष्ठांची शीर्षकं. लॅपटॉप १५.६ इंची, विंडोज ११. बजेट दहा हजारांच्या आत, म्हणजे बिनस्क्रीनचाच टॅब्लेट (लॅपटॉपला जोडून पेनने काढायची पाटी). वॅकॉम इंटुओस स्मॉल (४०९६ प्रेशर लेव्हल, म्हणजे पेनच्या दाबाच्या पायऱ्या; टिल्ट, म्हणजे पेनचा कल ओळखणं, नाही) आणि एक्सपी-पेन डेको ०१ व्ही२ (८१९२ लेव्हल, टिल्ट आहे) या दोघांत अडलेय. बोरूसारखी जाड-बारीक रेघ यायला टिल्ट लागतोच का? दुप्पट लेव्हलचा फरक हाताला कळतो का?

शाईदौत:
नाही कळत. लेव्हलचा आकडा विसरा, आकार बघा. इंटुओस स्मॉलची चालती जागा १५२ × ९५ मिमी, डेकोची साधारण २५४ × १५९. तुमची स्क्रीन सुमारे ३४५ मिमी रुंद आहे. म्हणजे छोट्यावर हात १ सेंमी सरकला की कर्सर जवळजवळ २.३ सेंमी पळणार, मोठ्यावर १.४ च्या आत. हाताचा कंपही त्याच पटीने वाढतो आणि सुलेखनात तो सगळ्यात आधी शिरोरेषेत दिसतो. शिवाय लांब वेलांटी मनगटातून नाही, कोपरातून निघते. तिला जागा लागते. या कामाला डेकोच घ्या.

आल्या आल्या एक करा. दोन्ही टॅब्लेट १६:१० प्रमाणाचे, स्क्रीन १६:९ ची. ड्रायव्हरमध्ये (टॅब्लेट चालवणारं सॉफ्टवेअर) स्क्रीनचं प्रमाण कायम ठेवायची खूण केली नाही, तर ‘ठ’चा गोल आडवा ताणला जातो, सुमारे ११ टक्के. खूण केल्यावर डेकोची १६ मिमी उंची वाया जाते. जाऊ द्या.

बोरूटाक:
टिल्ट लागत नाही. बोरूची कड एका कोनात स्थिर धरलेली असते, जाड-बारीक येतं ते हाताच्या दिशेमुळे. म्हणून ब्रशच्या सेटिंगमध्ये टोक चपटं करा (गुणोत्तर ०.१५ ते ०.२), ब्रशच्या ठशांमधलं अंतर ०.०५ च्या आसपास ठेवा, नाहीतर रेघेच्या कडेला दाते दिसतात, आणि ‘साइझ’वरचा प्रेशर बंद करा. तो चालू राहिला तर प्रत्येक दंड टोकाला निमुळता होतो आणि बोरूची तिरकी कापणी दिसत नाही.

सगळ्यात जास्त फसगत कोनात होते. तयार कॅलिग्राफी ब्रश रोमन लिपीसाठी असतात, त्यांची कड खालून डावीकडून वर उजवीकडे जाते. देवनागरीचा बोरू उलटा कापतात. कड वर डावीकडून खाली उजवीकडे उतरेल इतका कोन फिरवा आणि ‘व’ काढून बघा: गोलाचा वरचा डावा भाग भरदार आला पाहिजे. तो बारीक पडला तर कोन अजून रोमनच आहे.

शिरोरेषेसाठी ‘व्ही’ की दाबून धरून ओढा, सरळ रेघ मिळते.

निबवेडी:
कोनाचं नेमकं कळलं, आभार! मग डेकोच. परत करण्याच्या मुदतीत काय काय तपासू?

शाईदौत:
आधी दुसऱ्या कंपनीचा जुना ड्रायव्हर असेल तर काढून लॅपटॉप रीस्टार्ट करा. दोन ड्रायव्हर भांडले की पेन चालतो पण प्रेशर गायब होतो. तरीही प्रेशर नसेल तर क्रिताच्या टॅब्लेट सेटिंगमध्ये विनटॅब आणि विंडोज इंक (पेनचा दाब क्रितापर्यंत पोचवायच्या दोन पद्धती) आलटून पालटून बघा, दर बदलानंतर क्रिता बंद करून उघडा. रेघेच्या सुरुवातीला वर्तुळ उमटून पेन अडखळत असेल, तर तो विंडोजचा ‘दाबून धरा म्हणजे राइट क्लिक’ आहे, बंद करा.

मग खरी परीक्षा. क्रिताचं स्मूदिंग (रेघ आपोआप गुळगुळीत करणं) पूर्ण बंद. टॅब्लेटवर पट्टी तिरकी ठेवून, तिला लागून पेन अगदी सावकाश ओढा, एक रेघ दहा सेकंदांत. चारही कोपऱ्यांत करा. रेघ नागमोडी आली तर चार्जर काढून पुन्हा ओढा. तेव्हा सरळ आली तर दोष चार्जरच्या विजेच्या गोंगाटाचा, टॅब्लेट ठीक आहे. चार्जरविनाही लाटा राहिल्या तर लगेच परत करा. स्टॅबिलायझर (स्मूदिंगचाच जोरदार प्रकार) लावून ती लाट झाकू नका. झोकात रेघ ओढायची म्हटलं की तो कर्सर मागे खेचतो.

बोरूटाक:
एक राहिलं. निब खरखरीत पृष्ठभागावर एका बाजूने घासते आणि धार आली की पृष्ठभागावर ओरखडे काढते. महिन्यातून एकदा बोट फिरवून बघा, कंगोरा लागला की बदला. वर साधा कागद चिकटवलात तरी पेन आरपार ओळखला जातो, मात्र त्यावर निब लवकर झिजते.