मदत हवी आहे: संदेष्टा एलीया आणि तीन धर्म

आमच्या वाचनालयात ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लाम या धर्मांतल्या सामायिक श्रद्धेवर बोलायचं माझ्या गळ्यात पडलंय. अब्राहामावर सगळेच बोलतात, म्हणून मी एलीया घेतलाय. बआल या कनानी देवाच्या पूजेला विरोध करणारा हा संदेष्टा बायबलच्या जुन्या करारात आहे, नव्या करारात येशूचं रूप डोंगरावर तेजस्वी होतं त्या प्रसंगी (रूपांतर) मोशेबरोबर पुन्हा दिसतो, आणि कुराणाच्या ३७व्या सूरेत (अध्यायात) इल्यास म्हणून येतो. इस्राएलमधल्या हैफा शहरात कार्मेल डोंगराच्या पायथ्याशी त्याची गुहा आहे, तिथे तिन्ही धर्मांचे लोक नवस बोलायला जात आलेत. (नवस म्हटलं की आपल्या श्रोत्यांना वेगळं समजवावं लागत नाही!)

शिवाय आपल्याकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. मलिदा या त्यांच्या विधीत ताटात गोड पोहे, ओलं खोबरं, फळं मांडून एलियाहू हनाबीचं (म्हणजे संदेष्टा एलीयाचं) नाव घेतात. अलिबागजवळ खंडाळ्याला त्याच्या रथाच्या खुणा म्हणून एक खडकही दाखवतात.

आता अडलंय ते असं. मलिद्याच्या वेळी कोणत्या प्रार्थना म्हणतात, आणि त्या मराठीत कुठे वाचायला मिळतील? घरच्या कुणाकडून कळलं तर उत्तमच. कुराणाचा सोप्या भाषेतला, टिपांसह मराठी अनुवाद कोणता घ्यावा? आणि मुस्लिम मित्रांनो, इल्यासबद्दल बोलताना काय जपावं? उगाच सगळं एकच आहे असं ठोकून द्यायचं नाहीये, फरकही सांगायचेत. ठाणे किंवा मुंबईत प्रत्यक्ष भेटायलाही येईन.