मोरीच्या छताचा ढलपा पडला, पण हॅमर टेस्ट 'चांगली'. काय समजायचं?

कॉलेजरोडकर:
नमस्कार. आमची सोसायटी १९८५ची, तळमजला अधिक तीन. परवा पहाटे मोरीच्या छताचा ताटाएवढा ढलपा थेट बादलीत पडला. वर गज उघडा, बोटानं चोळलं की गंजाचे पापुद्रे हातात. तपासायला आलेल्यानं हॅमरचे (काँक्रीटवर दाबून उसळीवरून टणकपणा दाखवणारं यंत्र) आकडे लिहून घेतले आणि म्हणाला, काँक्रीट टणक आहे, प्लॅस्टर मारून घ्या. नाशिकला कुठे समुद्र आहे, मग गज गंजतोच कसा? सेक्रेटरी मी, त्यामुळे शिव्या मलाच.

ओळंबा:
२८ वर्षं साइटवर काढली, म्हणून सांगतो. खारं वारं नसलं तरी हवा आहेच की. तिच्यातला कार्बन डायऑक्साइड बारीक छिद्रांतून आत शिरतो आणि सिमेंटमधला चुना खाऊन टाकतो. यालाच कार्बोनेशन म्हणतात. चांगल्या काँक्रीटचा पीएच, म्हणजे क्षारतेचं माप, १२.५ ते १३. तोवर गजावर पातळ संरक्षक थर टिकतो. पीएच ९च्या आसपास उतरला की तो थर गेला. पुढे गंज फुगतो आणि काँक्रीट खाली ढकलतो.

हॅमरचं म्हणाल, तर कार्बोनेशननं वरची कातडी उलट कडक होते, आकडा फुगून येतो. मीही फसलोय. पंचवटीत ३८ आकडा बघून एक बीम पास केला, पुढच्याच पावसाळ्यात तो गजाच्या रेषेत फाटला.

फिनॉल्फ्थेलीन (क्षार असेल तिथे गुलाबी होणारं रसायन) फवारा. जागा ताजी फोडलेली हवी, धूळ फुंकून. गुलाबी झालं तिथे चुना शाबूत. बिनरंगी पट्टा पट्टीनं मोजा.

कॉलेजरोडकर:
काका, केलं. मोरी, हॉल, जिन्याचा बीम, सगळीकडे पट्टा २० मिमीच्या आसपास. स्लॅबला कव्हर (गजावरचा काँक्रीटचा थर) १५, बीमला २५. पण हॉलचा गज स्वच्छ निघाला! टेस्ट चुकली का?

ओळंबा:
नाही हो. पट्ट्याची खोली वर्षांच्या वर्गमुळानं वाढते. ४० वर्षांत २०, म्हणजे पहिल्या १० वर्षांतच १० झाली होती. स्लॅबचं कव्हर २००७-०८लाच ओलांडलं. बीमला याच चालीनं साठी उलटेल. पण गंजायला ओल लागते. हॉल कोरडा, म्हणून वाचला. मोरीतल्या ओलीचा गुन्हेगार वरच्या मजल्याचा नहाणी ट्रॅप, म्हणजे मोरीचं पाणी जायचं जमिनीतलं तोंड.

नाशिकरोडची ताई:
नुसतं प्लॅस्टर अजिबात नको, दादा! आमचं दोन पावसाळ्यांत खाली आलं. दुसऱ्यांदा टेकू लावून गजामागे बोट जाईल इतकं फोडलं, वायर ब्रश, झिंक प्रायमर, मग पॉलिमर मॉर्टर. गज बारीक झाला असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हात लावू नका.

कॉलेजरोडकर:
वरच्यांनी दिवाळीत नवी टाइल बसवलीय, फोडू द्यायला तयार नाहीत. रविवारी मीटिंगला फवाऱ्याची बाटली घेऊनच जातो.