बुलबुलाची पिल्ले सोडून देण्याची वेळ आली आहे. मुलाला कसे सांगावे?

प्रश्न (एक आई, नागपूर):
माझे यजमान गेल्या भाद्रपदात वारले. अतिदक्षता विभागात लहान मुलांना सोडत नसल्यामुळे आमच्या नऊ वर्षांच्या मुलाची आणि त्यांची शेवटची भेट झाली नाही. त्यानंतर त्याने घरात वडिलांचा विषय काढणेच बंद केले. दहा दिवसांपूर्वी वळवाच्या पावसात अंगणातील जास्वंदीवरचे लालबुड्या बुलबुलाचे घरटे खाली आले. जोडीतील एक पक्षी मांजराने मारला आणि दुसरा पुन्हा दिसलाच नाही. उरलेली दोन पिल्ले मुलगा बुटांच्या खोक्यात सांभाळतो आहे. पहाटे उठून तो नाकतोडे पकडून आणतो आणि प्रत्येक घासाची वेळ वहीत लिहून ठेवतो. परवा भरवता भरवता त्याने मला विचारले, "आपले बाबा येणार नाहीत, हे यांना कळत असेल का गं?" आठ महिन्यांत 'बाबा' हा शब्द त्याच्या तोंडून मी प्रथमच ऐकला. आता पिल्लांना पिसे फुटली आहेत आणि त्यांना सोडावेच लागेल असे शेजारी सांगतात. हा दुसरा वियोग त्याला सोसेल का?

उत्तर १ (पक्ष्यांची शुश्रूषा करणारा स्वयंसेवक):
ताई, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार रानपक्षी घरी पाळता येत नाही, हेतू कितीही चांगला असला तरी. म्हणून वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. शिवाय आपल्याच शहरात सेमिनरी हिल्सवर जखमी व अनाथ वन्यजीवांचे उपचार केंद्र आहे. तोपर्यंत दूध अजिबात देऊ नका, कारण पक्ष्यांना ते पचत नाही. चोचीत पाण्याचे थेंबही सोडू नका, कारण श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असल्यामुळे पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकते. बुलबुलाची पिल्ले साधारण बाराव्या-तेराव्या दिवशी घरटे सोडतात, परंतु त्यानंतरही काही दिवस आईबाप त्यांना भरवतात आणि भक्ष्य शोधायला त्याच काळात शिकवतात. ते शिक्षण घरात मिळत नाही. दोन्ही पिल्ले एकत्रच ठेवा, कारण एकटे वाढलेले पिल्लू माणसालाच आपला समजू लागते आणि पुढे मांजरासमोरही निर्धास्त बसते. मुलाची वही मात्र केंद्रात जरूर न्या. इतकी नीट नोंद आमच्याकडे क्वचितच येते.

उत्तर २ (शालेय समुपदेशक):
पिल्ले त्याच्या नकळत नेऊ नका, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे. "ती भेटायला येतील" असेही सांगू नका, कारण ती येणार नाहीत आणि तो वाट पाहत राहील. हाताने भरवलेली पिल्ले कधी कधी दगावतात, हेही आजच साध्या शब्दांत सांगावे आणि तसे घडलेच तर 'मेले' हाच शब्द वापरावा. 'झोपले' असे म्हटल्यास मुलांना झोपेचीच भीती बसते. पिल्ले गेल्यानंतर त्याचे जेवण किंवा झोप बराच काळ बिघडलेली राहिली, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना अवश्य भेटा.

उत्तर ३ (सातारा):
आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि एक साळुंकी वाढवत होतो. मला रडू येऊ नये म्हणून मोठ्यांनी ती मी शाळेत असताना सोडून दिली. त्यांच्या मनात मायाच होती, पण रिकामा खोका पाहिल्यावर मी कित्येक दिवस कोणाशीही बोललो नाही. तुमच्या मुलाला तो खोका स्वतःच्या हातांनी नेऊ द्या.

प्रश्नकर्तीचे उत्तर, चार दिवसांनी:
सर्वांची मी ऋणी आहे. काल आम्ही दोघे पिल्ले घेऊन केंद्रात गेलो. खोका त्यानेच मांडीवर धरला होता. तेथील डॉक्टरांनी त्याची वही पानन् पान वाचली आणि मोठ्या माणसाला विचारावेत तसे त्याला प्रश्न विचारले. निघताना तो खोक्यावर वाकून बराच वेळ काहीतरी पुटपुटत होता. ते मी ऐकले नाही. परतीच्या वाटेवर, रिक्षात, त्याने विचारले, "शेवटी बाबांना तहान लागली होती का?" मग घर येईपर्यंत, मला जेवढे ठाऊक होते तेवढे सगळे मी त्याला सांगितले.