लॅपटॉपला चार हार्डडिस्क एकदम लावल्या की एक तरी गायब होते, काय करू?

मुरारजीपेठ_कॅमेरा:
नमस्कार मंडळी, सोलापुरात लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करतो. लॅपटॉप चार वर्षं जुना, १६ जीबी रॅम, यूएसबीचे दोन साधे पोर्ट आणि एक टाइप-सी. हार्डडिस्क चार, सगळ्या त्या छोट्या खिशात मावणाऱ्या, दोन-दोन टीबीच्या. एक पोर्ट माऊसच्या रिसीव्हरनंच अडवलाय म्हणून नव्या पेठेतनं चार पोर्टचा साधा हब आणला. आता एक डिस्क लावली तर मस्त चालतं, दोन लावल्या तरी चालतं, तिसरी लावली की टक... टक... आवाज येतो आणि कुठलीतरी एक गायब. काल तर ऐन अक्षतांचा सीन टाइमलाइनवर असताना सगळं लाल झालं, मीडिया ऑफलाइन (म्हणजे एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला फायलीच सापडेनात), नवरा-नवरी राहिले बाजूला आणि मी लाल पडदा बघत बसलोय. परत लावली तर ई ड्राइव्हचं अक्षर बदलून जी झालेलं, मग सगळं परत लिंक करत बसा. नवरीचे वडील रोज फोन करालेत, "झालं का ओ?" नवा लॅपटॉपच घ्यावा लागेल का? की डिस्क गेल्या? बजेट पाच हजार, ते पण घरी विचारून.

सातरस्ता_रिपेअर:
डिस्क गेलेली नाही भाऊ, उपाशी आहे. हबला भिंतीत लावायचा अडॅप्टर आहे का? नसणारच. लॅपटॉपचा यूएसबी ३ पोर्ट नियमाप्रमाणे ९०० मिलिअँप देतो, जुना यूएसबी २ असला तर ५००. त्यातच हब स्वतः जगणार आणि त्यातच तुमच्या चार डिस्क जेवणार, कसं भागायचं? त्यात डिस्क फिरायला सुरू होताना सगळ्यात जास्त करंट ओढते, म्हणून तिसरी लावली की आधीच्या दोघी दचकतात. अडॅप्टरवाला हब घ्या, तेवढ्यानं निम्मं दुखणं जाईल. पण एक बघा, एकटी डिस्क थेट लॅपटॉपला लावूनसुद्धा टकटक करत असेल तर बाकी सगळं सोडा आणि आधी तिच्यातला डाटा काढून घ्या.
ड्राइव्हचं अक्षर बदलतं त्याला विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन प्रत्येकीला शेवटची अक्षरं देऊन टाका, डब्ल्यू, एक्स, वाय, झेड, आणि डिस्कवर मार्करनं तेच लिहा.

एडिटर_विडीघरकुल:
दादा, हबचं वर सांगितलंय ते बरोबरच आहे, पण चारही एकदम लावायच्याच कशाला? मी पण आधी असंच करायची. हिशोब करा, १०० एमबीपीएसचं (सेकंदाला १०० मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट) ४के फुटेज म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, तासाला ४५ जीबी. तीन कॅमेरे चार तास चालले तरी ५४० जीबी. म्हणजे चालू असलेलं एक लग्न १ टीबीच्या एसएसडीत (आत काहीच न फिरणारी डिस्क) आरामात बसतं. बजेट थोडं ताणावं लागेल पण पैसे तिथंच घाला. बाकीच्या डिस्क जुनी लग्नं ठेवायला, लागेल तेव्हाच काढायच्या.
आणि स्पीडचं म्हणाल तर साधी डिस्क पण सेकंदाला १०० एमबीच्या वर देते, तीन कॅमेऱ्यांना ४० पण लागत नाहीत, मग अडकतं का? कारण आत डाटा वाचणारा हात एकच, तोच तिन्ही फायलींकडं पळत असतो, एकटी सून आणि तीन खोल्यांतनं हाका. एसएसडीला ही पळापळच नाही. तोवर प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या, छोट्या कॉप्या) बनवून लॅपटॉपच्या आतल्या ड्राइव्हवर ठेवा आणि त्यावर कट करा, कॅशे (सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फायली) पण तिथंच.
कॉपी करताना स्पीड ३५-४० च्या वर जातच नसेल तर समजा की पोर्ट, हब नाहीतर केबल, काहीतरी एक यूएसबी २ चं आहे.

गड्डा_फॅन:
एवढं कशाला, चारही डिस्क मिळून रेड झिरो करून टाका, म्हणजे प्रत्येक फाइल तुकड्यांनी चौघींवर वाटलेली, एकच मोठा ड्राइव्ह, स्पीड पण चौपट 😎

सातरस्ता_रिपेअर:
गड्डा_फॅन, बे, यूएसबीवर रेड झिरो? एक वायर हलली की चारही डिस्कमधलं लग्न गेलं. नवरीचा बाप तुझ्याकडं पाठवू का?

मुरारजीपेठ_कॅमेरा:
अपडेट देतो. १२ व्होल्टच्या अडॅप्टरचा हब आणला, टकटक बंद, तीन डिस्कवर तीन तास काम केलं, एकदा पण लाल नाही. खूश होतो. आणि मग साडेचारला लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालूच, पण हब मेला आणि तिन्ही डिस्क एकदम बंद, कॉपी चालू होती ती फाइल उघडेना. कॅमेऱ्याचं कार्ड अजून फॉरमॅट केलं नव्हतं म्हणून वाचलो. आणि माऊस पण उड्या मारायलाय आता.

एडिटर_विडीघरकुल:
कार्ड ठेवलंत ते फार बरं केलंत, दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय मी कार्डाला हात लावत नाही. हबचा अडॅप्टर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्या. आणि डिस्क एक्सफॅट फॉरमॅटमध्ये असतील तर मध्येच बंद पडल्यावर त्या लवकर बिघडतात, तुम्ही नुसतं विंडोजच वापरत असाल तर डाटा काढून एनटीएफएस (विंडोजचा फॉरमॅट) करा, एकेक करून. माऊसचं रिसीव्हर हबपासनं लांब लावा, यूएसबी ३ चा त्रास २.४ गिगाहर्ट्झच्या वायरलेसला होतो. अजून एक, डिस्क एकावर एक रचू नका, चादरीवर तर नकोच, सोलापुरी असली तरी 😄 बऱ्याच डिस्कवर कंपनी ३५ अंशांपर्यंतच वापरा म्हणते, आपल्याकडं मेमध्ये भिंत पण त्याहून गरम असते.

मुरारजीपेठ_कॅमेरा:
इन्व्हर्टरचा पॉइंट फक्त टीव्हीपाशी होता. टीव्ही काढून हब लावलाय, आई सिरीयलसाठी शेजारी गेलीय. रेंडर ६२ टक्के.