नर्सिंगला ‘थिअरी’ हवी होती कुणाला?

रात्रपाळी
अकरा वर्षं वॉर्डात काढून आता एमएस्सी नर्सिंगला बसलेय. त्यामुळे वर्गात तोंड आवरत नाही. परवा नर्सिंग थिअरीचा, म्हणजे नर्सचं काम नेमकं काय आणि कसं हे मांडणाऱ्या सिद्धांतांचा तास संपल्यावर मॅडमना विचारलं, हे सगळं पेशंटसाठी झालं की डॉक्टरेटसाठी? मॅडम हसल्या आणि हजेरी घ्यायला लागल्या. म्हणून इथे विचारते.

सनावळी बघा. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचं ‘नोट्स ऑन नर्सिंग’ १८५९ चं. पुढच्याच वर्षी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांची शाळा निघाली. त्यानंतर थिअरीच्या यादीत नाव येतं ते थेट हिल्डगार्ड पेप्लाऊंचं, १९५२ मध्ये. मधली त्र्याण्णव वर्षं सामसूम. आणि मग नुसती रांग : अब्देल्ला १९६०, ऑर्लँडो १९६१, रॉजर्स आणि रॉय १९७०, ओरेम १९७१, न्यूमन १९७२, वॉटसन १९७९.

वीस-पंचवीस वर्षांत एवढं ज्ञान अचानक कुठून आलं? माणसं तर आधीही आजारी पडत होती. बदललं होतं ते अमेरिकेतलं शिक्षण. १९४८ च्या ब्राउन अहवालाने सांगितलं की नर्सचं शिक्षण रुग्णालयांच्या हातातून काढा, विद्यापीठात न्या. रुग्णालयांना तोवर शिकाऊ मुली म्हणजे फुकटचे हात होते, त्यामुळे ते योग्यच होतं. पण विद्यापीठात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न येतो, तुमचं शास्त्र कुठलं? या थिअऱ्या त्या प्रश्नाचं उत्तर आहेत. पेशंटने असं काही विचारलेलं नव्हतं.

आणि आज आम्ही केअर प्लॅनच्या, म्हणजे पेशंटच्या शुश्रूषेच्या आराखड्याच्या, पहिल्या पानावर ओरेमची ‘स्वतःची काळजी स्वतः’ या थिअरीची आकृती काढतो, चौकटी, बाण, सगळं. दुसऱ्या पानापासून जे करायचं तेच करतो.

चाफेकळी
असहमत. मी नर्सिंगची ट्यूटर आहे, तेव्हा माझा पूर्वग्रह आधीच सांगून टाकते.

पेप्लाऊंचं पुस्तक १९४८ लाच लिहून झालं होतं. छापायला चार वर्षं लागली, कारण नर्सने डॉक्टरला सहलेखक न घेता पुस्तक काढणं तेव्हा फार धाडसाचं समजलं जाई. आणि पुस्तकात काय होतं? नर्स आणि पेशंट यांच्यातलं नातं हाच उपचाराचा भाग आहे, एवढंच. युद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या लष्करी रुग्णालयात मनाने खचलेल्या सैनिकांसोबत काम केलेली ही बाई. तिला कुणी डॉक्टरेटसाठी विषय शोधून दिला नव्हता.

शास्त्र कुठलं, हा प्रश्न मानापमानाचा वाटतो खरा. पण स्वतःचे शब्द नसले की आपलं काम म्हणजे ‘डॉक्टरांची ऑर्डर पाळली’ एवढंच उरतं. दर दोन तासांनी कूस बदलून पेशंटची पाठ शाबूत ठेवली, तर ते कुणाच्या खात्यात जातं?

खडूस_केमिस्ट
वैद्यकाशी संबंध फक्त औषधं बनवण्यापुरता, तरी बोलतो. तुम्ही दोघींनी यादीतलं एक नाव अलगद ओलांडलंत : मार्था रॉजर्स. त्यांच्या मते माणूस म्हणजे एक ऊर्जाक्षेत्र. बरं. मग त्यांच्याच न्यूयॉर्क विद्यापीठातल्या डोलोरेस क्रीगर यांनी थिऑसॉफिस्ट डोरा कुंझ यांच्या साथीने ‘थेराप्युटिक टच’ काढलं. पेशंटला न शिवता वरून हात फिरवायचे, म्हणजे ऊर्जा सुरळीत होते. क्रीगरबाईंनी आधाराला घेतला आपला ‘प्राण’! आपल्या अंगणातली तुळस अमेरिकेला जाऊन अशी परत येते.

हे अमेरिकेतल्या कितीतरी रुग्णालयांत चाललं. मग एमिली रोझा नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी साधा पडदा लावला. पडद्यापलीकडे बसलेल्या, हा उपचार करणाऱ्या २१ जणांनी त्यातून आपले दोन्ही तळहात पुढे करायचे, ती त्यातल्या एकावर आपला हात धरणार, त्यांनी सांगायचं कुठल्या. २८० वेळा विचारलं, १२३ उत्तरं बरोबर. ४४ टक्के. छापा-काटा केला असता तर जास्त आली असती. १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात हे छापून आलं.

थिअरी हवी तर ती चुकू शकेल अशी हवी. नाहीतर ती पोथी.

चाफेकळी
रॉजर्सवर मी भांडणार नाही. पण एक फांदी किडकी निघाली म्हणून झाड तोडायचं, तर पहिली कुऱ्हाड नाइटिंगेलबाईंवर घालावी लागेल. दूषित हवेने रोग होतात असं त्या मानत. जंतूंची कल्पना त्यांना कितीतरी वर्षं पटली नाही. तरी खिडक्या उघडा, उजेड येऊ द्या, स्वच्छता ठेवा, हे बरोबरच ठरलं ना? शिवाय ‘माणसं आधीही आजारी पडत होती’ हे रात्रपाळीताईंचं वाक्य मला पटलेलं नाही. १९४० नंतर पेनिसिलिन आलं. न्यूमोनियाने आठवड्यात जाणारा माणूस वाचायला लागला आणि पुढे मधुमेह, अर्धांग घेऊन वीस वर्षं जगायला लागला. त्याचा प्रश्न नवा होता : घरी गेल्यावर माझं मी कसं करू? ओरेम त्याच प्रश्नावर बोलतात. त्यांनी स्वतः डॉक्टरेट केली नव्हती, हेही जाता जाता.

बापूंचा_मुलगा
मी नर्सही नाही, ट्यूटरही नाही. दोन वर्षांपूर्वी वडिलांना उजव्या अंगाचा अर्धांग झाला तेव्हा सतरा दिवस वॉर्डात बसून होतो. आई त्यांना भरवायची. एक दिवस तिथल्या सिस्टरनी आईच्या हातातली वाटी काढून बापूंच्या पुढ्यात ठेवली आणि चमचा त्यांच्या डाव्या हातात दिला. अर्धं अन्न अंगावर सांडलं. आई इतकी भडकली! सिस्टरला काम नको म्हणून आजारी माणसाला जुंपतेय, असं सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. सिस्टर एवढंच बोलल्या, ‘काकू, घरी तुम्ही किती दिवस भरवणार?’

आज बापू डाव्या हाताने जेवतात. ओरेम कोण ते मला आज, तुमच्या भांडणातून कळलं.

रात्रपाळी
दादा, तुमचं उदाहरण मी माझ्या बाजूने घेते. त्या सिस्टरला हे आकृतीतून सुचलं असेल असं मला वाटत नाही, वर्षानुवर्षं पेशंट बघून आलेलं ते शहाणपण. म्हणून मला पॅट्रिशिया बेनर पटतात. त्यांनी नवख्या आणि मुरलेल्या नर्सना त्यांच्याच ड्यूटीवरचे प्रसंग विचारले आणि त्यातून १९८४ चं पुस्तक लिहिलं. मुरलेल्या नर्सला पेशंट ‘बरा दिसत नाही’ हे मॉनिटर ओरडण्याआधी कळतं, हे आम्हाला माहीतच होतं. कुणीतरी कागदावर आणलं.

आणि नाइटिंगेलबाईंना थिअरीकार आपण नंतर केलं. प्रस्तावनेत त्या स्पष्ट म्हणतात की हे नर्सना शिकवायचं पुस्तक नाही, घरात दुसऱ्याची काळजी घेणाऱ्या बायकांसाठी चार सूचना आहेत. त्यात पेशंटला पोकळ धीर आणि फुकटचे सल्ले देणाऱ्यांवर अख्खं प्रकरण आहे. ते तेवढं मराठीत करून भेटीच्या वेळेत दारावर लावावं.

चाफेकळी
बेनरनी कागदावर आणलं, म्हणजेच थिअरी केली की हो! तीसुद्धा नवखा माणूस टप्प्याटप्प्याने कसा मुरतो हे सांगणाऱ्या ड्रायफस बंधूंच्या चौकटीत बसवून, आणि ती चौकट बुद्धिबळपटू आणि वैमानिकांच्या अभ्यासातून आलेली. वॉर्डातून आलेली नाही. तुम्हाला आवडली की अनुभव, नाही आवडली की आकृती, असं कसं चालेल? बापूंच्या त्या सिस्टर उद्या निवृत्त झाल्या तर नव्या मुलीला काय द्यायचं? अकरा वर्षं थांब, कळेल?

खडूस_केमिस्ट
हा मुद्दा चाफेकळींना.

रात्रपाळी
बरं, तो दिला. तरी आकृती मी काढणार नाही.

बापूंचे चिरंजीव, एक विचारू? चमचा कितव्या दिवशी हातात दिला होता? पुढच्या सोमवारी माझी केस स्टडी आहे. अर्धांगाचाच पेशंट घेतलाय, आणि ओरेमच.

बापूंचा_मुलगा
नवव्या. पण आधी दोन दिवस मऊ इडलीचे तुकडे डाव्या हातात देऊन बघितले होते, ठसका लागतोय का ते. चमचा त्यानंतर.