स्लीव्हच्या ऑपरेशननंतर सप्ताहातलं कीर्तन: पोट आणि लोक कसे सांभाळायचे?

गाथेकरी_परभणी

रामकृष्ण हरी. वजन उतरवण्यासाठी दुर्बिणीतून स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी (जठराचा मोठा भाग काढून ते लहान करण्याचं ऑपरेशन) होऊन दीड महिना झाला. सर्जननी हलकं काम सुरू करायला परवानगी दिली आहे. चैत्रातल्या सप्ताहांच्या तारखा आधीच दिलेल्या आहेत. रात्री नऊ ते अकरा उभ्यानं कीर्तन आणि शेवटच्या दिवशी सकाळी काल्याचं. माळकरी असल्यानं अंडं, मटण नाही. बीपीची गोळी चालू आहे.

विचारायचं ते असं: दोन तास दम कसा टिकवावा? यजमानाच्या घरी पानावर बसल्यावर काय करावं? आणि मंडपात पाऊल टाकलं की "महाराज, लईच वाळलात, शुगर निघाली का?" सुरू होतं, त्याला काय म्हणावं? घरच्यांशिवाय ऑपरेशनचं कुणाला माहीत नाही.

आहारवाली_नांदेड

रामकृष्ण हरी महाराज. आधी पानाचं सांगते, कारण कीर्तनात उभं असताना त्रास होतो तो बहुतेक आधीच्या जेवणाचाच असतो.

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण पाऊण ते ऐंशी टक्के भाग काढतात. दीड-दोन महिन्यांनी एका वेळी जेमतेम १०० ते १५० मिली मावतं, म्हणजे एक लहान वाटी. ती वाटीही वीस-पंचवीस मिनिटं घेऊन संपवायची. कीर्तनाआधीचं जेवण सात वाजेपर्यंत उरका: पातळ वरणात अर्धी ज्वारीची भाकरी कुस्करून, किंवा मऊ मुगाची खिचडी. ताजी गव्हाची पोळी आणि मोकळा भात टाळा, त्याचा गोळा होऊन छातीत अडकतो. तोंडाला पाणी सुटतं, मग उलटी. जेवल्यावर अर्धा तास पाणी नाही.

सगळ्यात धोक्याची ती पुरणपोळी. गूळ-साखर जठरात न थांबता भसकन आतड्यात उतरली की दहा ते तीस मिनिटांत घाम, धडधड, चक्कर. जठराचं बायपास ऑपरेशन झालेल्यांना हे जास्त होतं, पण स्लीव्हमध्येही होतं. आग्रहानं खाल्लेली अर्धी पोळी ऐन अभंगाच्या निरूपणात गाठते.

दिवसाला प्रोटीन ६० ते ८० ग्रॅम लागतं. शाकाहारात ते नुसत्या वरणावर भागत नाही, एका वाटी वरणात सहा-सात ग्रॅमच. व्हे पावडरचे (दुधातल्या प्रोटीनची पावडर) दोन स्कूप (डब्यावरचा आकडा बघा, बहुतेकांत स्कूपला २४ च्या आसपास), ५० ग्रॅम कुस्करलेलं पनीर, एक पेला दूध आणि एक वाटी घट्ट वरण एवढं झालं की सत्तरपर्यंत जातं. पावडर पिशवीत असू द्या, यजमानाकडे फक्त कोमट दूध मागायचं.

यजमानाला आदल्या दिवशी फोन करून सांगायचं: "ताट वाढू नका, एक वाटी पातळ वरण, तिखट बेताचं." पंगतीत बसूच नका. भरलं ताट समोर घेऊन उष्टं टाकलं तर चर्चा दुप्पट होते.

वॉर्डातली_सिस्टर

गादीवर उभं राहण्याचं मी सांगते.

वजन उतरलं की बीपीही उतरतं, गोळी मात्र जुन्या वजनाची चालू राहते. त्यात चैत्राचं ऊन आणि पाणी कमी. मग उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. तारखा सुरू व्हायच्या आधी बीपी बसून मोजा, मग उभं राहून एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा वीस किंवा जास्त पडला तर डॉक्टरांना फोन. लघवी जास्त होण्याची गोळी असेल तर आधीच विचारा. आपल्या मनानं गोळी बंद करू नका.

पाणी दिवसाला दीड ते दोन लिटर, पण घोट-घोट. पेटीजवळ कोमट पाण्याचा पेला ठेवायचा आणि टाळकऱ्यांनी चाल उचलली की एकच घोट घ्यायचा. घटाघटा प्यायलं तर ढेकर, उचकी, आणि माइकवर सगळ्या गावाला ऐकू जाते.

पावली खेळणं आणि उड्या अजून थांबवा, सर्जन मोकळीक देतील तोवर. कापलेलं जठर ज्या मोठ्या छिद्रातून बाहेर काढतात तिथं हर्निया व्हायची भीती असते. पेटी, पखवाज गाडीत चढवायला दुसऱ्याला लावा. पोटाचा पट्टा करकचून बांधून गाऊ नका, श्वास खाली भरत नाही आणि वरच्या पट्टीत आवाज फाटतो. पहिले दोन-तीन कार्यक्रम तासाभराचं प्रवचन म्हणून घ्या, मग पूर्ण कीर्तन.

आणि हे पाठच करा. प्रवासात सारखी उलटी झाली की गावचा डॉक्टर ग्लुकोजची बाटली लावतो. त्याला आधी ऑपरेशनचं सांगा. उलट्यांनी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) संपलेलं असतं, आणि थायमिन न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. चालताना तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, असं काही दिसलं तर त्याच दिवशी मोठा दवाखाना. डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची गोळी-इंजेक्शन सर्जनला विचारल्याशिवाय नको. डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, सोबतच्या मृदंगाचार्यांकडेही द्या. घरच्यांशिवाय एवढ्या एका माणसाला तरी सांगावंच लागेल.

मंडपवाले_केज

आता लोकांचं. आपल्याकडे माणूस जाड झाला तर "तब्येत सुधारली", आणि उतरला की शुगर, टीबी, नाहीतर त्याहून वाईट. तुम्ही गप्प बसलात की मधली जागा गाव भरतं. म्हणून एक वाक्य ठरवा आणि सगळ्यांना तेच सांगा: "पोटाचं ऑपरेशन झालं, आता बरं आहे, जेवण कमी केलंय." यात खोटं काही नाही आणि वजनाचा विषयही निघत नाही. दुसरा प्रश्न आला की "चला, हरिपाठाची वेळ झाली."

हे सप्ताह कमिटीच्या एकाच बोलक्या माणसाला दोन दिवस आधी सांगा. तुम्ही पोचेपर्यंत गावात झालेलं असतं.

कपड्यांवरूनही कळतं. सदरा खांद्यावरून लोंबला की माणूस आजारी दिसतो. नवीन चार शिवू नका, वजन वर्ष-दीड वर्ष उतरत राहतं. एकच सदरा दोन्ही बगलांकडून टाचून घ्या, आतली माया कापू देऊ नका. धोतराची खरी अडचण: कंबर बारीक झाली की कासोटा उभ्या-उभ्या सैल होतो. आतून सुती पट्टा बांधून त्यावर नेसा.

स्पष्ट_बोलतो

वरच्यांशी थोडा असहमत. साधा माणूस असता तर "पोटाचं ऑपरेशन" पुरलं असतं. महाराजांचे व्हिडिओ यूट्यूबवर आहेत, मागच्या वर्षीचा आणि यंदाचा शेजारी लावणारे निघतीलच. सांगायचं की नाही हा तुमचा हक्क. पण "रोज चाललो, गरम पाणी प्यालो" असं मात्र चुकूनही म्हणू नका. गादीवरचा शब्द लोक खरा धरतात, कुणीतरी शुगरच्या गोळ्या सोडून तेच करत बसेल. व्हिडिओखाली एकच उत्तर लिहून वर पिन करा, बाकी कमेंटना हात लावू नका.

केसांचंही बोलतील. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळायला लागतात, काही महिन्यांनी थांबतात. प्रोटीन, लोह कमी पडलं तर जास्त गळतात. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. तपासण्या तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात.

गाथेकरी_परभणी

सर्वांचे आभार. दोनच शंका. सप्ताहात एकादशी आली तर? आणि काल्याचा प्रसाद नाकारता येत नाही.

आहारवाली_नांदेड

निर्जळी यंदा नाही. साबुदाणा नुसता पिठूळ, चिकटही. त्यापेक्षा दूध, ताक, पनीर आणि दोन चमचे पातळ भगर. शेंगदाण्याची आमटी गाळून चालेल. व्हे दुधाचीच असते, त्यामुळे उपासाला चालायला हरकत नाही, पण डब्यावरचे बाकी घटक बघून घ्या.

काल्यातलं दही उत्तम. लाह्या दह्यात दहा मिनिटं भिजू द्या, एक चमचा चावून-चावून घ्या. वर साखर किंवा डाळिंबाचे दाणे असतील तर ते बाजूला काढा, दाण्यांच्या बिया अजून नकोत. आणि रात्री अकराला कीर्तन संपल्यावर कोमट दूध घेतलंत तर लगेच आडवं होऊ नका, दोन तास तरी जाऊ द्या. स्लीव्हनंतर आंबट पाणी घशाशी येण्याचा त्रास बऱ्याच जणांना होतो आणि दुसऱ्या दिवशी आवाज बसतो. तेवढा वेळ जागणं होत नसेल तर दूध वगळून नुसतं घोटभर पाणी घ्या, प्रोटीन दुपारी भरून काढा.