हार्टबीट म्हणजे मोजमाप नव्हे
वायरलेस सेन्सरच्या यंत्रणेत नोड म्हणजे मोजमाप करणारे उपकरण (सेन्सर) आणि गेटवे म्हणजे त्याचे आकडे घेऊन पुढे पाठवणारे उपकरण. या यंत्रणेबद्दल 'हार्टबीट म्हणजे दोन मोजमापांमधला काळ' असे विधान केले जाते, त्यात दुरुस्ती हवी. आपण चालू असल्याचे सेन्सरने गेटवेला ठरावीक वेळाने कळवणे म्हणजे हार्टबीट; पडद्यावरचा आकडाही एरवी तेव्हाच बदलतो. मोजमाप त्याहून कितीतरी वारंवार होऊ शकते. शीतगृहातला सेन्सर दर 10 मिनिटांनी तापमान मोजत असला, तरी हार्टबीट 2 तासांचा ठेवलेला असेल, तर इशाऱ्याची मर्यादा ओलांडली जाईपर्यंत (ती ओलांडली की सेन्सर लगेच कळवतो) पडद्यावरचा आकडा जवळजवळ 2 तास शिळा असू शकतो. हार्टबीटचा काळ कमी केला की बॅटरी लवकर संपते, हे ओघाने आलेच. सेन्सर आणि गेटवे यांच्यातल्या सिग्नलची ताकद डीबीएममध्ये (सिग्नलची शक्ती मोजण्याच्या एककात) बहुधा उणे आकड्यांत दिसते आणि तिथे नवखे हमखास फसतात: उणे 60 चा सिग्नल उणे 90 च्या हजारपट जोरदार असतो.